शनिवारची दहा मिनिटं

आयुष्यातली आठ वर्षं मी पत्रांच्या वर आणि खाली मोकळी जागा सोडण्यात घालवली. मधला मजकूर मी टाइप करायचा. वरचं 'प्रिय अमुक' आणि खालचं 'आपला', त्याखाली सही, हे साहेबांनी निळ्या शाईनं स्वतः लिहायचं, अशी आमच्या ऑफिसात पद्धत होती. पत्र मिळालेल्या म्हातारीला वाटायचं, खासदारानं आपल्याला जातीनं लिहिलंय. पहिल्या आठवड्यात मला ही शुद्ध लबाडी वाटली. पुढे पाहिलं तर साहेब खरोखरच प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचत, आणि चूक सापडली की ते पत्र परत येई.

साहेब म्हणजे लेस्टरहून बसनं पाऊण तासावर असलेल्या एका मतदारसंघाचे खासदार, आणि तिथल्याच एका जुन्या उमराव घराण्याचे थोरले चिरंजीव. त्यांचे वडील म्हातारे अर्ल होते आणि वरच्या सभागृहात बसत. वडील आहेत तोवर मुलाला निवडणूक लढवून खालच्या सभागृहात बसता येतं. वडील गेले की किताब आपोआप मुलाच्या डोक्यावर येतो आणि खालची खुर्ची जाते. नको असेल तर महिन्याभरात किताब सोडायचा. हे सगळं पक्षाच्या एजंटनं, म्हणजे आमचं ऑफिस चालवणाऱ्या रिटायर्ड गृहस्थानं, पहिल्याच दिवशी समजावलं. मी मान डोलावली. मला काय करायचं होतं? मला सांगलीत पास केलेल्या टायपिंगच्या परीक्षेचं चीज झाल्याचा आनंद होता. आमचे हे होजियरीच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करत, आणि बेलग्रेव्ह रोडला राहणाऱ्या माझ्या नणंदेला मी फुशारकीनं सांगत असे, की मी आता सरदाराच्या पदरी आहे.

कामाचा खरा दिवस शनिवार. खासदारानं लोकांना भेटायची जी वेळ असते तिला तिकडे सर्जरी म्हणतात. आमची सर्जरी ऑफिसखालच्या खोलीत दहा ते साडेबारा. बाहेर भिंतीला लागून खुर्च्या, येईल त्याच्या हातात पुठ्ठ्याचा नंबर, आणि माणशी दहा मिनिटं. मी कोपऱ्यात शॉर्टहँडची वही घेऊन बसे. कौन्सिलनं भाड्यानं दिलेल्या घराला ओल आलीय, पेन्शन अडकलंय, मुलगा सैन्यात आहे आणि त्याचं पत्र नाही, असलीच गाऱ्हाणी. साहेब दार स्वतः उघडत, नाव स्वतः पुकारत, कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे झुकत आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारत. हे कधीपासून चाललंय? आत्तापर्यंत कुणाला सांगितलंत? आणि मी काय करावं असं तुम्हाला वाटतं? तिसऱ्या प्रश्नावर सहा फुटी गडी रडलेले मी पाहिलेत. आपल्याला काय वाटतं हे त्यांना उभ्या जन्मात कुणी विचारलेलं नसे.

महिन्यातून एकदा, बुधवारी, मी सह्यांचे कागद घेऊन त्यांच्या घरी जाई. घर कसलं, चालता चालता पाय दुखतील एवढा महाल. तिथे हाच माणूस हात पाठीमागे बांधून खिडकीपाशी उभा राही. पोरं जवळून गेली, तर जिन्यावरून चढणारे-उतरणारे भाडेकरू एकमेकांना वाट देतात, तशी वाट देई. वाईट माणूस नव्हता हो. कधी आवाज चढवला नाही. दोन मुलगे आठव्या वर्षीच बोर्डिंगात गेलेले, साहेब स्वतः सातव्या वर्षी गेले होते. बाईसाहेबही स्वभावानं चांगल्या, पण त्यांचा जीव घोड्यांत. राहता राहिली धाकटी. ती माझ्याजवळ येऊन उभी राही आणि माझ्या शॉर्टहँडच्या रेघोट्या बघत राही. चहाच्या वेळी तिनं वडिलांना काही सांगितलं की ते 'असं का' म्हणत आणि वर्तमानपत्राचं पान उलटत.

तीही अकराव्या वर्षी बोर्डिंगात गेली. पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यात घरी आली तेव्हा पोर निम्मी झाली होती. एका बुधवारी तिनं मला विचारलं, शनिवारी बाबांना भेटायला कोण कोण येऊ शकतं? मी म्हटलं, मतदारसंघात राहणारं कुणीही. मत देण्याचं वय नसलं तरी? तरी. 'मग मी येऊ शकते,' ती म्हणाली. मी हसले आणि म्हणाले, दहाच्या आत ये, नाहीतर नंबर मागचा लागेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी ती आली. एकटी, बसनं. सातवा नंबर घेऊन पेन्शनवाल्या आजीशेजारी बसली. आजीनं तिला ओळखलं आणि पेपरमिंटची गोळी दिली. मला तिला परत पाठवता आलं असतं. निदान आत जाऊन साहेबांच्या कानावर घालता आलं असतं. मला वाटलं, बघून हसतील, जवळ घेतील, बरंच होईल. म्हणून मी यादीत तिचं नाव रीतसर टाइप केलं.

साहेबांनी दार उघडलं आणि यादीतलं नाव वाचलं. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांना कळलं कुणाचं आहे ते. मग बाजूला होऊन, सगळ्यांना म्हणत तसंच म्हणाले, या, बसा.

ती बसली. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. तिनं खिशातून कागद काढला, पण त्याच्याकडे न बघताच बोलली. मला शाळेत झोप येत नाही. मला घरी राहायचंय. गावातल्या शाळेत बस जाते, मी वेळापत्रक बघितलंय. साहेबांची कोपरं सवयीनं गुडघ्यांवर गेली होती. त्यांनी विचारलं, हे कधीपासून चाललंय? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. आत्तापर्यंत कुणाला सांगितलंस? ती म्हणाली, चहाच्या वेळी तुम्हाला, तीनदा.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वहीकडे वळवली. मला लिहिणं थांबवायचं सुचलं नाही.

"आणि मी काय करावं असं तुला वाटतं?"

"मला परत पाठवू नका," ती म्हणाली.

ते म्हणाले, वचन देता येणार नाही, पण मी लक्ष घालतो. हे वाक्यही सगळ्यांचंच. दहा मिनिटं झाली होती. तिनं आभार मानले, नंबराचा पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि बसला गेली.

उत्तरं ते रविवारी घरी टेपवर बोलून ठेवत. सोमवारी कानाला लावून मी टाइप करी. सातव्या पत्रापाशी टेप नुसतीच फिरत राहिली. मागे घड्याळाची टकटक, एकदा खुर्ची करकरली. मग तोच सपाट आवाज. भेटायला आलीस त्याबद्दल आभार. तुझ्या आईशी आणि मुख्याध्यापिकांशी बोललो. आणखी एक वर्ष राहिल्यावर तुला आवडू लागेल असं दोघींचं मत आहे. याहून चांगलं उत्तर देता येत नाही याचा खेद वाटतो. आणखी काही अडचण असल्यास भेटायला येण्यास संकोच करू नये. मी ती मधली शांतता तीनदा ऐकली. ती पत्रात कशी घालणार?

वर आणि खाली जागा सोडून मी पत्र सह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. परत आलं तेव्हा वर तिचं घरातलं लाडकं नाव होतं, ते वाचून माझ्या जिवात जीव आला. खाली मात्र 'आपला', आणि आडनावासकट पूर्ण सही. गठ्ठ्याच्या ओघात हात गेला होता. पत्र परत न्यायला हवं होतं. एका अक्षराची चूक असली तरी मी नेत असे. पण हे न्यायला मला धीर झाला नाही, आणि मी पाकीट चिकटवलं. याची लाज मला आजही वाटते.

घरी मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याच्या घरची पोरं उपाशीच असतात. तू कशाला टेन्शन घेतेस?" आमची लेक तेव्हा नणंदेकडेच होती, शनिवारची गेलेली. तो विषय मी वाढवला नाही.

धाकटीनं त्या पत्राचं शेवटचं वाक्य तेवढं खरं मानलं. दर सुट्टीत एका शनिवारी ती येऊ लागली. शाळेबद्दल पुन्हा चकार शब्द नाही. पायवाटेचं फाटक मोडलंय. बसच्या थांब्याला छप्पर नाही. जुन्या माळ्याचं पेन्शन चुकीचं येतंय. तीन प्रश्न, दहा मिनिटं, आभार. आणि साहेबांनी तिचं एकूण एक काम केलं. फाटक आठवड्यात नवं बसलं. तिची फाइल माझ्या कपाटात गावातल्या कटकट्या म्हाताऱ्यांच्या फायलींइतकी जाड झाली. पाय जमिनीला टेकू लागले, मग उंची वडिलांच्या खांद्याला लागली.

एकदा मला राहवलं नाही. सह्या चालू असताना मी म्हटलं, साहेब, ती फाटकासाठी येत नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. पेन थांबलं नाही. "पण फाटकाचं मला काहीतरी करता येतं."

मी पुढचं पत्र त्यांच्यासमोर सरकवलं.

नव्वदीच्या सुरुवातीला, ती सतरा वर्षांची असताना, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच आठवड्यात म्हातारे अर्ल गेले. साहेब त्या दिवसापासून आमच्या गावाचे खासदार म्हणून काही करू शकत नव्हते, आणि त्यांच्या हातात एक महिना होता. त्यांनी माझ्याकडून दोन पत्रं टाइप करून घेतली, एक किताब सोडण्याचं, एक मतदारांच्या निरोपाचं. दोन्ही टेबलावर पडून राहिली. गावातून लोक येऊन सांगून गेले, सोडा तो किताब. धाकटी दर शनिवारी बंद दाराबाहेरच्या खुर्चीवर येऊन बसे. तिनं मला विचारलं, लॉर्ड लोकांची सर्जरी कुठे असते? मी एजंटला विचारून सांगितलं, नसते. त्यांना मतदारसंघच नसतो. ते कुणाचेच नसतात. तिनं हे खाली मान घालून ऐकलं आणि विचारलं, किताब सोडण्याचं पत्र अजून टेबलावर आहे ना? आहे म्हटलं. तीन आठवडे ते तिथेच होतं. मी रोज येऊन आधी ते बघे. देवाला हात जोडण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

चौथ्या आठवड्यात ते कचऱ्याच्या टोपलीत गेलं. वडिलांना शब्द दिला होता, एवढंच साहेब म्हणाले.

निरोपाचं पत्र ज्यांची ज्यांची फाइल होती त्या सगळ्यांना जायचं होतं. मजकूर एकच, यापुढे आपल्या अडचणींत मला लक्ष घालता येणार नाही. फाइल म्हटल्यावर धाकटीचंही पाकीट झालं. या वेळी मी चूक करणार नव्हते. तिचं पत्र गठ्ठ्यात न घालता मी एकटं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी पेन उघडलं. पुष्कळ वेळानं बंद केलं, पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, हे मी हातानंच देईन. त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं, आनंदानं.

पंधरा दिवसांनी मी खोकी भरत होते, शनिवार होता, आणि ती आली. सवयीनं खुर्चीवर बसली. म्हणाली, गावात सगळ्यांना पत्र आलं. माळ्यालासुद्धा. मी विचारलं, तुला नाही मिळालं? तिनं मान हलवली. ते हातानं देणार होते, असं मी म्हटल्यावर ती थोडी हसली.

"मग पत्र नाही येणार," ती म्हणाली.

मी तिची फाइल काढली. सगळ्यात वर त्या पत्राची ऑफिसातली प्रत होती, वर आणि खाली कोरी. मी ती तिला दिली. दुसरं काही द्यायला माझ्याकडे नव्हतं. तिनं ते वाचलं, माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि वरच्या जागेत स्वतःचं लाडकं नाव लिहिलं. मग पेन खाली नेऊन थांबली.

"आता ते सही काय करतात?"

मी सांगितलं, लॉर्ड झाल्यावर स्वतःचं नाव लिहीत नाहीत. नुसतं किताबाचं, गावाचं नाव.

तिनं पेन जागच्या जागी ठेवलं. खालची जागा कोरीच ठेवून कागदाची घडी घातली आणि बसची वेळ झाली म्हणाली.