सोसायटीचं इंजिन

जळक्या रॉकेलचा वास आला की ते दुष्काळाचं साल आठवतं. केजजवळच्या एका गावात एकाच विहिरीला पाणी उरलेलं आणि तिच्यावरचं सोसायटीचं पाणी उपसायचं इंजिन बंद पडलं. मेकॅनिक म्हणून मी पोचलो तेव्हा चेअरमनचा भाऊ इंजिन चालवणाऱ्या गड्याला पट्ट्यानं फोडून काढत होता. "टाकीत साखर टाकलीस बे!" मी प्लग काढला, तो तेलानं काळा, ओला झालेला. "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, त्यानं तेल वर चढतंय. साखर न्हाई, याची काय बी चूक न्हाई," मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. वाटलं, मिटलं. गडी तोंडातलं रक्त थुंकून उठला, "ऐकलं का?" म्हणाला आणि इंजिनाचं लोखंडी हँडल त्यानं चेअरमनच्या भावाच्या गुडघ्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. बिघाड सांगताना माझा आवाज आजही आपोआप खाली येतो.