कपाटाला टेकवलेली गिटार

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी अमरावतीच्या पाटबंधारे कचेरीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं, भाड्याच्या एका खोलीत राहत होतो, आणि त्या खोलीत माझी बेस गिटार होती. चार जाड तारा, हातभर लांब मान. भुसावळचा एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर देश सोडून चालला होता, त्याच्याकडून मी ती घेतली आणि गोधडीत गुंडाळून पॅसेंजरनं आणली. डब्यातल्या एका बाईनं आत लेकरू झोपलंय असं समजून माझ्यासाठी सरकून जागा केली होती.

ती गिटार विजेशिवाय जवळजवळ मुकी. आवाज मोठा करणारं यंत्र माझ्याकडे नव्हतं. पण एक दिवस तार छेडताना गिटारीची कड सागवानी कपाटाला टेकली आणि सगळं कपाट घुमलं. आतल्या पितळी डब्यासुद्धा वाजल्या. तेव्हापासून मी कचेरीतून आलो की कपाटाला खेटून बसायचो आणि वाजवायचो. घरमालकीणबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दारात येऊन विचारलं, "काहो, म्हैस आणली काय तुमी खोलीत?"

शिकवणारं कोणी नव्हतं. मी मामाच्या गाण्यांवर शिकलो.

मामा, म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, चांदूर रेल्वेला रुळाच्या गँगवर होता. धम्मदीक्षेच्या वर्षी नागपूरला जाऊन आला आणि तेव्हापासून स्वतः गाणी रचायला लागला. आमच्या वस्तीत, आसपासच्या गावांत, नांदगाव खंडेश्वरपर्यंत त्याला सभांना बोलवायचे. लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा त्याचा गळा होता. गाताना शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला सवय होती. एकट्यानं गायला तो उभाच राहत नसे. त्याच्याच गँगमधला एक सोबती ढोलकी वाजवायचा. गाणी कुठेही लिहिलेली नव्हती. चाली तर कोणी टिपून ठेवल्याच नव्हत्या.

त्या उन्हाळ्यात त्याचा आवाज बसला. बसला तो उठलाच नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गळ्यात गाठ आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. चांदूरला घरी आल्यावर मामानं हे सगळ्यांना एका वाक्यात सांगितलं, "जीव राहीन, आवाज जाईन." मामी आत निघून गेली. मी म्हणालो की अकोल्यात आवाज भरून ठेवायचं यंत्र आहे, माझ्या ओळखीच्या माणसाकडे.

ओळखीचा म्हणजे कापूस बाजाराजवळचा एक रेडिओ दुरुस्तीवाला. त्याच्याकडे रिळांचा टेपरेकॉर्डर होता, आणि माझ्यासाठी तो एका जुन्या रेडिओच्या सांगाड्यात गिटारीचा आवाज मोठा करणारं यंत्र बांधत होता. मी त्याला पत्र टाकलं. पत्राचं उत्तर एका ओळीचं आलं. रविवारी या, दुपारी एकला आमच्या भागातली विजेची लाइन बंद होते, त्याच्या आत उरका. ऑपरेशन मंगळवारी होतं.

मी बडनेऱ्याला गाडीत चढलो तेव्हा मामा खिडकीशी मफलर गुंडाळून बसला होता. ढोलकीवाला त्याच्यासमोर. अकोला येईपर्यंत मामा एक अक्षर बोलला नाही. त्याचा आवाज आता दिवसाला दोन गाण्यांपुरताच टिकत होता. तिसऱ्याला नुसता वारा यायचा. ते त्यालाही ठाऊक होतं, आम्हालाही. मूर्तिजापूरला ढोलकीवाल्यानं चहा घ्यायचा का विचारलं, तर त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

दुकानामागच्या खोलीत सगळी मांडणी होती. टेपरेकॉर्डर टेबलावर, त्यावर मांजराच्या डोळ्यासारखा एक हिरवा दिवा. दुरुस्तीवाल्यानं समजावलं की आवाज जास्त झाला की हा डोळा मिटतो, आणि डोळा मिटला की समजा गाणं फाटलं. मायक्रोफोन एकच, लोखंडी जाळीचा. माझं यंत्र कोपऱ्यात. त्याबद्दल त्यानं बजावलं होतं, "याच्यात ट्रान्सफॉर्मर नाई टाकला मी अजून, तारांत करंट उतरते. गिटारले हात असताना माइकले हात लावजो नोको."

मी माइकला हात लावणारच नव्हतो. म्हणून मला वाटलं, आपल्याला काही धोका नाही.

त्यानं यंत्र सुरू केलं. चार महिने कपाटातून ऐकलेला आवाज पहिल्यांदा मोकळा ऐकू आला. खिडकीची काच थरथरली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी मामाला विसरलो होतो. मला वाटलं, आता रिळावर माझी ही गिटार येणार. दुरुस्तीवाल्यानं रीळ फिरवलं, ढोलकी सुरू झाली, मी सुरू झालो. मामानं माइकशी तोंड नेलं, त्याचे ओठ जाळीला लागले, आणि सवयीनं त्याचा हात माझ्या मानेवर आला.

माझ्या मानेला कोणी करवत लावल्यासारखं झालं. मामा मागे फेकला गेला आणि भिंतीला आपटून खाली बसला. दुरुस्तीवाल्यानं माझ्या यंत्राचा खटका बंद केला. रीळ फिरतच होतं.

मामाचे डोळे उघडे होते, पण तो आमच्याकडे बघत नव्हता. छाती हलत होती का ते मला दिसेना. मी त्याच्यापासून तीन हातांवर गिटार गळ्यात घेऊन उभा होतो आणि मला पुढे होता येत नव्हतं. त्याला हात लावला तर पुन्हा झटका बसेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. ढोलकीवाल्यानं मला बाजूला ढकललं, मामाचा मफलर सोडला, तळपाय चोळायला लागला. बऱ्याच वेळानं मामानं लांब श्वास घेतला. ओठावर एक पांढरा डाग उठला होता.

"चाला घरी," ढोलकीवाला म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मीही तेच म्हणालो. परवा ऑपरेशन असलेल्या माणसाला मी हौसेपायी इथवर आणलं होतं. गिटार गळ्यातून काढून मी गोधडीत गुंडाळायला घेतली. मामीला काय सांगायचं, एवढाच विचार होता.

मामानं पाणी मागितलं. प्याला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून गेले होते. मग घोगऱ्या आवाजात, तो आवाज जपून वापरायचा असल्यासारखं, म्हणाला, "मी गाऊन जाईन. याचं वाजवणं पायजे मले. ते करंट बंद ठेवा."

दुरुस्तीवाला म्हणाला की त्याशिवाय ही गिटार ऐकूच येणार नाही. मी खोलीत नजर फिरवली. मागच्या भिंतीला त्याचं हत्यारांचं लाकडी कपाट होतं. मी त्यातले सोल्डरचे डबे, रेडिओचे बल्ब, सगळं खाली काढायला लागलो. तो ओरडणार होता, पण मी रिकाम्या कपाटाला गिटार टेकवून तार छेडली तसा थांबून ऐकायला लागला. मग त्यानंच कपाटाचं एक दार उघडलं, माइक मामाच्या आणि कपाटाच्या मधे उभा केला, ढोलकी वरचढ होऊ नये म्हणून ढोलकीवाल्याला दाराबाहेर बसवलं. हिरवा डोळा उघडाच राहिला. गिटारीची वायर काढून त्यानं माझ्या देखत खिशात घातली.

मामा उठला. हात माझ्या खांद्यावर ठेवण्याआधी थबकला. मीच त्याचा हात धरून खांद्यावर ठेवला. तो थंडगार होता.

पहिलं गाणं नीट झालं. दुसरं त्याचं सगळ्यात लांबलचक, रुळावरच्या बायकांवर रचलेलं. तिसऱ्या कडव्यात त्याचा आवाज चिरकला. खोकला आला, आणि खांद्यावरचा हात घसरला. मला वाटलं तो पडतोय. माझी बोटं थांबली. बाहेर ढोलकी चालूच होती. मला वळून बघायचं होतं, पण गिटार कपाटावरून हलवायची हिंमत होईना. चार-पाच ठेके तसेच गेले. मग हात पुन्हा खांद्यावर आला, आधीपेक्षा घट्ट, आणि त्यानं कडवं सोडलं होतं तिथूनच उचललं. मी उशिरा, चाचपडत त्याच्या मागे आलो.

दुरुस्तीवाला म्हणाला की खोकल्यापासून पुढचं पुसून पुन्हा भरू, अजून वेळ आहे. मामानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यानं हातानंच सांगितलं की राहू दे.

ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला, त्यानं सांगितलं तसंच. रेल्वेनं त्याला फाटकावर बसायचं काम दिलं. गळ्यात पाटी आणि खडू घेऊन तो अकरा वर्षं जगला, आणि पाटीवरही वस्तीतल्या पोरांना गाणी लिहून द्यायचा.

रीळ ऐकायला मी त्याला वर्षभरानं अकोल्याला नेलं. तो खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला. पहिलं गाणं ऐकताना त्याचे ओठ हलत होते. दुसऱ्यात खोकला आला तेव्हा दुरुस्तीवाल्यानं मान खाली घातली. मामानं घातली नाही. गाणं संपल्यावर त्यानं पाटी घेतली आणि लिहून माझ्यासमोर धरली.

"तू काहून थांबला?"

वर्षभर मी हा प्रश्न स्वतःला विचारत होतो. त्याला उत्तर देताना मात्र वेळ लागला नाही. "मले वाटलं, तू पडला."

त्यानं पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, या वेळी बराच वेळ, खडू दाबून.

"पडलो तरी वाजवाचं."

नंतर ते रीळ मी त्या दुकानातून घरी आणलं. ते वाजवायचं यंत्र मात्र आमच्याकडे कधीच आलं नाही. मामी जिवंत होती तोवर वर्षातून एकदा मी रीळ घेऊन तिला अकोल्याला न्यायचो. ती दुसरं, रुळावरच्या बायकांचं गाणं आधी लावायला सांगायची.