ठिगळ लावणारे दाजी

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकाही दारावर विश्वास ठेवला नाही. दार उघडं असलं तर ते उघडं का आहे याची त्यांना काळजी, आणि बंद असलं तर ते खरंच बंद आहे का याची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे नागपंचमीच्या जिवंत नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याकडचे. लष्करात सिग्नलला होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात गोडोलीला घर बांधून राहिले. आक्का दारावरच्या गाडीवाल्याकडून मेथीची जुडी घेऊन वळेपर्यंत आतून कडी लागलेली असायची. "कोन हाय?" "मी." "मी म्हंजे कोन?" मग आक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचं माहेरचं आणि सासरचं नाव सांगायची आणि वर विचारायची, "आता कडी काढता का जाऊ तशीच म्हायेराला?" तेव्हा कुठे कडी निघायची. रहिमतपूरला आमच्या चुलतभावाचं लग्न होतं, तर अक्षतांच्या वेळी हा माणूस मांडवात नव्हताच. चपलांच्या ढिगाशेजारी हात मागे बांधून उभा. मुलीकडच्या लोकांना तो मंगल कार्यालयाचा राखणदार वाटला. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या हातात आपल्या वहाणा दिल्या आणि "नीट ठेव रं बाबा" म्हणाल्या. दाजींनी त्या जेवणं उठेपर्यंत काखेत धरून सांभाळल्या आणि खूण पटवून परत दिल्या. अपमान झाला असं त्यांना जराही वाटलं नाही. "वहाना गेल्या का? न्हाई न्हवं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, मी तिथे खरेदी विभागात होतो. ऑफिसात नवेनवे कॉम्प्युटर आले आणि ते सांभाळायला दाजींना घेतलं. लष्करात त्यांनी कसलासा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून टेबलावर ठेवलं, येणाऱ्याला दिसेल असं. दाजी नम्र वगैरे अजिबात नव्हते. आल्याबरोबर त्यांनी हुकूम काढला की बाहेरून आलेली फ्लॉपी आधी त्यांच्या टेबलावर येईल. "बाहेरची फ्लॉपी म्हंजे बाहेरचा मानूस. आदी झडती, मग चहा." कुणी पासवर्ड म्हणून बायकोचं नाव ठेवलं की दाजी चारचौघांत त्याला विचारायचे, "वैनी बऱ्या हायत का?" तो बिचारा लाजून पासवर्ड बदलायचा. दोन दिवसांनी दाजी त्याच्या मुलाची चौकशी करायचे. सगळं ऑफिस वैतागलेलं असायचं, आणि सगळं ऑफिस घरी जाऊन दाजींच्या गोष्टी सांगून हसायचं.

हसणं कुठे थांबलं ते मात्र मला पक्कं आठवतं. दाजी पुण्याहून निघणारं एक कॉम्प्युटरचं मासिक मागवायचे आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. त्यात त्यांना एक बातमी सापडली. आम्ही ऑफिसात हिशेबाचे तक्ते ज्या प्रोग्रॅमवर करायचो, त्याच्या पोटात एक डेटाबेस चालायचा. त्या डेटाबेसला एक भोक होतं. कुणी वाईट बुद्धीनं बनवलेला तक्ता आपण नुसता उघडला, तरी तो डेटाबेसच्या आडून कॉम्प्युटरला वाटेल तो हुकूम सोडू शकत होता, तुम्हाला न विचारता. बनवणाऱ्या कंपनीनं त्यावर पॅच काढला होता आणि मासिकाबरोबरच्या सीडीवर तो आला होता. दाजी त्याला ठिगळ म्हणायचे. "पावनं," ते मला म्हणाले, "दाराला टाळं हाय, खिडकीला गज हायत, पन न्हानीच्या मोरीतनं साप येतोय. मी शिराळ्याकडचा मानूस. साप कुटनं येतो ते मला इचारा."

पण ठिगळ लावायचं तर कामं थांबवायला लागत होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, चालत्या गाडीला ठिगळं कसली लावता, आजवर काही झालंय का? दाजींनी ऐकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एकेक मशीन घेऊन ते स्वतःच सुरू झाले. आणि नेमकं पाठवणी विभागाचं मशीन अडलं. मालाबरोबर द्यायचं चलन छापेना. फाटकात माल भरलेला ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि दाजी घामाघूम होऊन ठिगळ उसवतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूक शोधली, पुन्हा बसवलं, मग चलनही नीट छापायला लागलं. पण साहेबांच्या लक्षात तो हॉर्नच राहिला. "माझ्या मशीनला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. आणि अख्ख्या कारखान्यात बाहेरची ई-मेल यायची ती त्याच एका मशीनवर.

दाजींच्या जिवाला घोर लागला. शेवटी त्यांनी साहेबांना पटवून द्यायचं ठरवलं, आणि ते पटवणंच त्यांना भोवलं. सोमवारच्या बैठकीत सगळे जमलेले असताना त्यांनी स्वतः बनवलेल्या एका तक्त्याची फ्लॉपी पुढे केली आणि म्हणाले, "साहेब, ह्यातला तक्ता तेवढा तुमच्या मशीनवर उघडा." साहेबांनी उघडला. तक्ता आला, आणि त्याच्या शेजारी पडद्यावर आपोआप कॅल्क्युलेटर उघडला. साहेब म्हणाले, "हा कुणी उघडला?"

"कुनीच न्हाई," दाजी छाती काढून म्हणाले. "तक्त्यानं उघडला. आज कॅल्क्युलेटर आला. उद्या ह्याच वाटंनं फायली पुसनारा येईल."

कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्हाला माझ्या मशीनमध्ये शिरता येतं?"

दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, मलाच काय, कुणालाही येतं साहेब, म्हणून तर बुजवू या. दाजी लष्करातले. वरिष्ठानं प्रश्न विचारला की उत्तर एका शब्दात द्यायचं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय साहेब!"

त्या एका "व्हय"नं सगळं संपलं. ठिगळ लावायला साहेबांनी परवानगी दिली नाहीच. पुढच्या महिन्यात त्यांच्या मशीनवरच्या फायली गेल्या, गिऱ्हाइकांच्या दरांच्या, पत्रव्यवहाराच्या, सगळ्या. बाहेरून आलेल्या एखाद्या तक्त्यानं गेल्या, डिस्क खराब झाली, की साहेबांच्याच हातून पुसल्या गेल्या, कोण जाणे. कुणी शोधलंच नाही. शोधायची गरजच कुणाला वाटली नाही, कारण शिरता येतं असं भर बैठकीत कबूल करणारा माणूस हजर होता. ज्याला चोराची वाट ठाऊक तोच चोर, असा सोपा न्याय झाला. मी बोलायला गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्ही त्यांचे मेव्हणे. तुम्ही दुसरं काय सांगणार?" ज्यांच्या मशीनवर दाजींनी उपाशीपोटी ठिगळं लावली होती, ती मंडळी खाली मान घालून डबे खात होती.

राजीनामा लिहून घेतला आणि वर फाटकावर झडती घ्यायला सांगितली. फाटकावरचा पहारेकरी दाजींसारखाच माजी सैनिक. त्याचा हात पिशवीत जाईना. त्यानं वरवर चाचपल्यासारखं केलं आणि म्हणाला, "जावा दाजी." दाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी स्वतःच पिशवी टेबलावर पालथी केली, डब्याचं झाकण काढलं, चष्म्याचं घर उघडून दाखवलं. "झडती नीट घे रं गड्या," ते म्हणाले, "अर्दी झडती न घेतलेली बरी." पहारेकरी रडवेला झाला होता. मी बाजूला उभा होतो. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

काही आठवड्यांनी पुण्याहून एक टाय घातलेला इंजिनिअर आला. त्यानं सगळ्या मशीनवर तेच ठिगळ बसवलं. तेच, अगदी त्याच नावाचं. साहेबांनी त्याला आपल्या गाडीतून स्टँडवर सोडलं. संध्याकाळी मी तडक गोडोलीला गेलो आणि सगळं ओकून टाकलं. आक्का पोळपाट सोडून बाहेर आली. "आवं, तुमाला चोर म्हनले आन् तेच करून घेतलं त्यांनी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दाजी अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "साहेबांच्या मशीनवर बी टाकलं?"

"टाकलं."

"बरं झालं." ते पायरीवर बसले. आता तरी ते शिवी देतील, काहीतरी बोलतील, असं मला वाटत होतं. त्यांनी ओले हात गुडघ्यांना पुसले. मग म्हणाले, "स्टोअरच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन हाय बगा, कापड टाकलेलं. माझ्याकडनं बी ऱ्हायलंय ते. त्या पुन्याच्या मानसाला दिसलं नसंल. तेवढं सांगा त्यांना."

"मी सांगू? तुम्हाला एवढं बोलले त्यांना?"

"सांगा वो. सगळ्यांचा पगार त्याच मशिनींवर निगतोय." मग इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून ते हळूच म्हणाले, "पन पावनं, माजं नाव घिऊ नका. न्हाईतर मुद्दाम तसंच ठेवतील."

मी सांगितलं. नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवरचं कापड निघालं, ठिगळ बसलं, आणि ते कुणाला सुचलं हे कारखान्यात कुणीही विचारलं नाही.