कट्ट्यावरचं दूध

कच्च्या दुधाचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. बाळ गेल्यावर माहेरी आलेल्या बहिणीला जरा घराबाहेर काढावं म्हणून मी तिला धारोष्ण दूध प्यायला कोल्हापुरातल्या कट्ट्यावर नेलं होतं; तिथं गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात. गवळ्यानं म्हशीपुढं पेंढा भरलेलं रेडकाचं कातडं ठेवलं. म्हैस ते चाटू लागली आणि पान्हावली. “रेडकू मेलं की, ताई,” गवळी म्हणाला. “ह्याच्याबिगर धार देत न्हाय.” “तिला कळत नसेल?” बहिणीनं विचारलं. “कळतंय की. पण चाटायला कायतरी पायजे न्हवं?” बहिणीच्या हातातल्या ग्लासातला फेस बसत गेला, तिनं तोंड लावलं नाही. अजूनही पाहुणे विचारतात, कोल्हापुरात काय खावं, काय प्यावं? खाण्याचं मी भरभरून सांगतो. प्यायला सोलकढी सांगतो.