हाडांची पूड

पन्नास सालानंतरचे ते दिवस. बारामतीच्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. मोडलेला हात गळ्यात अडकवून मी दोन महिने तिथं जात होतो, पण त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ते कोरा चहा प्यायचे, कारण दुधाच्या वासानंही त्यांना मळमळायचं. हाड जुळायला ते एक पांढरी पूड द्यायचे आणि प्रत्येक पुडीवर नखानं दोनदा टिचकी मारायचे.

एकदा आमच्या पणदऱ्याचे एक माळकरी आबा मनगट मोडून आले. पुडी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही कशाची?"

डॉक्टरांनी मागून डोळ्यांनी खुणावलं. तरी कंपाउंडर म्हणाले, "जनावराच्या हाडाची हाय, आबा."

आबा पुडी टेबलावर ठेवून निघून गेले.

"खोटं बोलला असतात, तर त्यांचं हाड तरी जुळलं असतं," डॉक्टर चिडून म्हणाले.

"जुळवतो की."

मग एक दिवसाआड ते सायकलवरून पणदऱ्याला येऊ लागले. आबांच्या म्हशीचं सगळं दूध विकलं जायचं. त्यातलं तांब्याभर बाजूला काढायला लावून ते म्हणायचे, "प्या. मी हितंच बसतो."

हात बरा झाल्यावर आबा दवाखान्यात आले. दुधानं भरलेला तांब्या टेबलावर ठेवून बाकावर टेकले.

"प्या. मी हितंच बसतो."

कंपाउंडरांनी डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मग सवयीनं त्यावर नखानं दोनदा टिचकी मारली.