गोदामाचं जोतं

आमच्या गावच्या सोसायटीच्या गोदामाचं जोतं मी बांधलं. कमरेइतकं उंच. खताची बैलगाडी मागं रेटली की पोतं सरळ आत ओढता यावं, म्हणून तेवढी उंची, आणि म्हणूनच पायऱ्या नाहीत. ओळंबा लावून बघा, आजही सूतभर फरक सापडायचा नाही. बेंबळीच्या बाजूला तसं काम दुसऱ्या गवंड्याचं नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळात गावात बालवाडी निघाली, ती देवळाच्या मंडपात. लेकरांना गाणी शिकवायची आणि सुकडी द्यायची. सुकडी तिथंच बसून खायची, घरी न्यायची नाही, असा नियम. आम्ही बौद्ध, त्यामुळं आमची लेकरं मंडपाबाहेर उन्हात बसायची. आम्ही भांडलो, तालुक्याला अर्ज केले, तेव्हा कुठं बालवाडी गोदामाच्या एका खोलीत आली. आता सगळ्यांना सारखी, असं चेअरमननं चावडीवर सांगितलं. मी छाती काढून फिरलो. भिंती माझ्याच हातच्या होत्या ना.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, हातावर सरकत चालायची. देवळाबाहेर ती बाकीच्यांसंगं बसायची. गोदामावर लेकरं एकमेकांना ओढत वर गेली आणि ही एकटी खाली राहिली. आम्ही नवराबायको दिवस उगवताच कामावर. माझी म्हातारी आई तिला गोदामापर्यंत आणायची, वर चढवायचं बळ तिच्यात नव्हतं. बालवाडीची बाई गरोदर, ती तरी कशी उचलणार?

एक दिवस काम लवकर सुटलं म्हणून मी तिकडं गेलो. बाई जोत्यावरून वाकून लेकीच्या ओंजळीत सुकडी टाकत होती. माझा बाप जन्मभर पाणी तसंच प्याला होता, वरून ओतलेलं. मी लेकीला उचललं आणि घरी आणलं. उद्यापासून जायचं नाही, म्हणून सांगितलं.

मग चेअरमनकडं गेलो. कोपऱ्यात उतार करू द्या, मजुरी नको, दगड माझा. तो म्हणाला, ठराव लागतो. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, बैठक झाली नाही. तिसऱ्यांदा बस म्हणालाच नाही. वर हसून म्हणाला, "गवंडी, उंच तर तूच बांधलंस की. आता एका पोरीपायी मोडायचं व्हय?"

घरी लेक तीन दिवस उंबऱ्यात बसून गोदामाच्या वाटेकडं बघत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "बा, मला खालूनबी गाणी ऐकू येत्यात. जाऊ दे की."

चेअरमनचं बोलणं मी गिळलं असतं. हे गिळवलं नाही. पोरगी पाच वर्षांची, आणि खाली बसायची तिला आत्ताच सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घण आणि छिन्नी घेऊन गेलो. मागचा कोपरा धरला, जिथं गाडी कधी लागत नाही. माझाच सांधा, लवकर सुटेना. दोन दिवस लागले. दगड काढले, मुरूम भरला, चोपून उतार केला. चेअरमन आला, कुणाला विचारून फोडलं म्हणाला.

"ज्यानं बांधलं त्याला इचारलं," म्हणालो.

सोसायटीचं काम त्या दिवसापासून मला बंद. लेक हातावर सरकत वर गेली आणि तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

पुढच्या हंगामात हमाल पाठीवर पोती घेऊन त्याच उतारावरून जायला लागले. तालुक्याचा साहेब आला, त्याला चेअरमननं सांगितलं, अपंग लेकरांसाठी सोसायटीनं सोय केलीय. मी समोरच उभा होतो. माझ्याकडं दोघांनीही बघितलं नाही.

तोवर लेकीचं शाळेचं वय झालं. शाळेला पाच पायऱ्या होत्या. त्या मी बांधल्या नव्हत्या, मग घण कुठल्या तोंडानं घेऊन जाणार? हेडमास्तर म्हणाले, अर्ज करा. परत अर्ज करत बसलो.