पंधरा वर्षं समुद्रात, एक दुपार आबांच्या विहिरीत

नौदलातून निवृत्त झालेल्या माणसाला गावाकडून फोन येतात ते एकतर कुणाच्या पोराला भरती करून घ्या म्हणून, नाहीतर कँटीनची रम आणा म्हणून. २००८च्या जानेवारीत माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोन आला तो मात्र वेगळाच होता.

"विहिरीत मोटर पडली. ये."

"आबा, काढणारा बघा ना कुणी."

"घरात नेव्हीवाला असताना बाहेरचा काहून?"

इथं एक कबुली देऊन टाकतो. मी १९९१ला भरती झालो आणि २००६ला बाहेर पडलो. या पंधरा वर्षांत जहाजावर माझं काम होतं रेशन स्टोअरचं. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे मोजून भटारखान्याला द्यायचे. प्रशिक्षणात पोहण्याची परीक्षा होती, ती मी तिसऱ्या खेपेला कशीबशी पास झालो. त्यानंतर समुद्राचं पाणी अंगाला लागलं ते फक्त वाऱ्यानं उडालेलं. पण हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र इतका लांब, की तिकडं गेलेला माणूस नेमकं काय करतो हे कुणी विचारत नाही, आपापलं ठरवून टाकतं. आबांनी ठरवलं होतं की मी पाण्याखाली असतो. आणि मीही सुट्टीवर आलो की पांढरा गणवेश चढवून पारावर बसायचो, पण त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. फुकटचा मान कुणाला नको असतो?

हल्ली मी पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर सुपरवायझर आहे. पूर्वी देशाची सीमा राखायचो, आता दूधवाला कुठल्या लिफ्टनं जातो ते बघतो. मोटर काढायला चाललोय म्हटल्यावर सेक्रेटरींनी लगेच रजा दिली. फाटकावर कमांडो आहे अशी त्यांचीही समजूत आहे.

पुण्याहून संध्याकाळची बस धरली की सकाळी हिंगोली. स्टँडसमोर गरम भजी आणि चहा घ्या, कारण पुढं जीपमध्ये हात हलवायला जागा नसते. सेनगावमार्गे गोरेगावला जीपचे वीस रुपये पडले. जीप 'भरल्यावर' सुटते. दहा माणसं बसली, मला वाटलं भरली. ड्रायव्हर म्हणाला, "अभी तो खाली है भाऊ." सतराव्याला सुटली. जहाजावर माझा झोपायचा बंक दोन फूट रुंद होता, तेव्हा मी उगाच कुरकुरायचो. गोरेगावातून शेत चार किलोमीटर, ते चालत.

बांधावर पोचलो. विहिरीभोवती पन्नासेक माणसं जमलेली. सरपंच खुर्चीवर. कट्ट्यावर ताटात शाल, नारळ आणि पेढे. बाजूला गहू पोटरीत आलेला, म्हणजे नेमका पाण्याच्या भुकेचा, आणि जमिनीला बोटभर भेगा. मोटर पडून पाच दिवस झाले होते.

"पाच दिवस कुणालाच बोलावलं नाही?" मी विचारलं.

"तांड्यावरचा भावसिंग आला होता पहिल्याच रोजी," आबा म्हणाले. "म्या वापस धाडला. म्हनलं, आमचा येऊन राहिला."

भावसिंगही तिथंच होता, लिंबाखाली तंबाखू मळत. पंचक्रोशीतल्या पडलेल्या मोटरी हाच माणूस काढतो. वय साठीचं, अंगावर मांस कमीच. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "साहेब, बिगर दगडाचं जाता का?"

मला प्रश्नच कळला नाही, पण मी "हो" म्हणालो. सवय!

विहिरीत तीन परस पाणी, म्हणजे अठरा-वीस फूट. पायऱ्या उतरलो, दोर कमरेला बांधला आणि उडी मारली. जानेवारीचं विहिरीचं पाणी म्हणजे काय ते लिहून सांगता येत नाही. पहिल्या बुडीत माझे पाय वर राहिले, असं नंतर कळलं. दुसऱ्या बुडीत कान फुटायची वेळ आली. तिसऱ्या बुडीनंतर वर सल्ले सुरू झाले.

"त्याचं मशीन आनलं न्हाई वाटतं!"

"खाऱ्या पान्याची सवय हाय त्याला!" हा आवाज आबांचा. त्यांचा चेहरा दिसत होता. तो पडत चालला होता.

चौथी बुडी मारली असती तर मोटरीबरोबर मलाही काढावं लागलं असतं. कपारीला धरून मी वर ओरडलो, "आबा, मला न्हाई येत. मी कधीच बुडी मारलेली न्हाई. भावसिंगकाकाला उतरू द्या."

विहिरीत आवाज घुमतो. एकदाच बोललो, पण सगळ्या शिवारानं ऐकलं.

भावसिंग धोतर खोचून उतरला. पोटाशी एक भला धोंडा धरला, श्वास घेतला आणि सरळ तळाला गेला. धोंडा माणसाला ओढत नेतो, हातपाय मारावेच लागत नाहीत. खाली मोटरीला दोर बांधायचा, धोंडा सोडायचा, वर यायचं. पंधरा वर्षांत जे मला कुणी शिकवलं नाही, ते त्यानं मिनिटभरात दाखवलं. वीस माणसांनी दोर ओढला. मोटर पाण्यात चालणारीच होती, वायर जोडली आणि तासाभरात पाटाला पाणी आलं. शाल मी भावसिंगच्या खांद्यावर टाकली. सरपंचांनी भाषण रद्द केलं नाही, फक्त नाव बदललं.

लोक पेढे खाऊन पांगले. आम्ही दोघं बांधावर ज्वारीचा हुरडा भाजत बसलो. माझ्यामुळं म्हाताऱ्याची गावात शोभा झाली याची मला खरोखर लाज वाटत होती.

"मंग बोटीवर करत काय होतास?" सतरा वर्षांत पहिल्यांदाच आबांनी विचारलं.

"रेशन. तीनशे मानसांचं. महिना महिना किनारा लागायचा न्हाई. तवर पुरवायचं."

"मदीच सरलं तर?"

"सरू द्यायचं न्हाई. तेच काम."

"कदी सरलं?"

"न्हाई. एकदा वादळात आठ दिवस अडकलो. तवाही दोन्ही वक्ताला जेवन भेटलं समद्याला."

आबांनी कणीस चोळलं, दाणे माझ्या हातावर ठेवले.

"येड्या," ते म्हणाले, "हे पयलेच काहून न्हाई सांगितलं? पान्याखाली राहतो म्हनलं की लोक नुसती मान डोलवायचे. हे तर त्यायला बराबर समजलं असतं."

दाणे मी तोंडात टाकले. मला वाटायचं, माझी नोकरी सांगण्यासारखी नाही.

जायचंच असेल तर जानेवारीत जा, हुरडा मिळतो. चादर जाड न्या. विहिरीत उतरू नका.

पुण्यात परतून आठवडा झाला आणि बहिणीचा फोन आला. "दादा, आबा समद्या गावाला सांगून राहिले, अख्ख्या नेव्हीला तूच जेवू घालत होतास. माझ्या दिराच्या पोरीचं लगीन हाय. हजार पान उठंल. सैपाक तुझ्याकडंच दिलाय, आबानं जबान देऊन टाकली."

मला वरणाला फोडणीसुद्धा देता येत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग विचारलं, "तांदूळ कोणता घेणार आहेत?"